एकशे सत्तेचाळीस नंबरचं हृदय

४ मार्च

भिंगरे,

फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस. अगं, तुझ्या आत्याचा उजवा कान कधीच गेला, आणि डाव्या कानातलं यंत्र फोन जवळ आला की शिट्ट्या मारतं. शिवाय फोनवर माणूस 'बरं आहे, बरं आहे' करतं आणि ठेवून देतं. पत्रात निदान टेकून बसून बोलता येतं.

केमोच्या लाल औषधाचे चारही डोस संपले. केसांबरोबर भुवयाही गेल्या. तीस वर्षं चष्मे विकले, पण चेहऱ्यावर फ्रेम शोभते ती भुवयांमुळे, हे आत्ता कळलं. गिऱ्हाइकं फ्रेम लावून आरशात बघायच्या ऐवजी माझ्याच तोंडाकडे बघत बसतात. बघू देत. आता दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, वर्षभर. माझ्या गाठीच्या जातीला तेच लागू पडतं, त्यावरच सगळी मदार आहे, असं डॉक्टर म्हणाले.

आणि एक गंमत. या औषधांनी हृदयाला इजा होते का, आणि होत असेल तर ती लवकर कशी ओळखायची, याचा एक मोठा अभ्यास चाललाय. त्यात मला घेतलंय. पहिली सोनोग्राफी डिसेंबरात झाली, दुसरी परवा. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गारेगार जेली फासतात आणि 'श्वास धरा, सोडा, धरा' असं कवायतीसारखं चालतं. मग ती फिल्म कुठल्या तरी दूरच्या संस्थेत जाते. तिथे मोजणाऱ्याला आपलं नाव कळत नाही, फक्त नंबर. माझा एकशे सत्तेचाळीस. तू पण हृदयाच्या फिल्मा मोजतेस ना? कधी दिसला तर माझा नमस्कार सांग त्याला!

मला आणि इंजेक्शनच्या वेळी शेजारच्या खुर्चीत असणाऱ्या शिक्षिकाबाईंना तपासणीच्या कागदावर एकच आकडा येतो. माझा एकसष्ट. समोरच्या बाईंना दोन येतात. सिस्टर म्हणाली, 'चिठ्ठ्या टाकून ठरवलंय, निम्म्यांना एक, निम्म्यांना दोन.' मेलं तिथेही नशीब आडवं आलं.

बाकी ठीक. जिना मात्र या वर्षी वाढलाय.

तुझी आत्या

११ मार्च

आत्या,

पत्र आठ तारखेला मिळालं. भुवयांचं वाचून हसले आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

एक विनंती आहे. तुझा नंबर, तुझा आकडा, तुला एक येतो की दोन, यातलं काहीही मला पुन्हा लिहू नकोस. लिहिलंस ते मी वाचलंच नाही असं समज. का, ते विचारू नकोस.

जिन्याचं मात्र सविस्तर लिही. किती वाढलाय? कुठल्या पायरीपासून?

माझं नेहमीचंच. बिनखिडकीची खोली, दोन पडदे, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारं दार. दिवसाला वीस-बावीस हृदयं.

भिंगरी

२८ मार्च

भिंगरे,

हा काय प्रकार? बोटभर होतीस तेव्हा माझ्या दुकानात तपासणीची भिंगं डोळ्याला लावून मुंग्यांचे पाय मोजायचीस. आणि आता म्हणे मी लिहू नको! बरं बाई. मोठ्या संस्थेतली माणसं तुम्ही.

जिन्याच्या पायऱ्या चोपन्न. दुकान खाली आणि घर वर, हे लग्नात फार सोयीचं वाटलं होतं. दुसऱ्या वळणावर मी सपातीचा पट्टा नीट करते. पट्टा ठीकच असतो. चार दिवसांनी पाहिलं तर तुझ्या काकांनी तिथे एक स्टूल आणून ठेवलेलं. 'कुंडी ठेवायला,' म्हणाले. कुंडी अजून आलेली नाही. मी त्या स्टुलावर बसते आणि ते वरून बघतात. गेल्या आठवड्यापासून दोन उशा घेऊन झोपते. आडवं पडलं की छातीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं होतं.

हे तुला म्हणून सांगितलं. डॉक्टरांना सांगणार नाही आणि तूही कोणाला सांगायचं नाहीस. कारण ऐक. शेजारच्या शिक्षिकाबाईंचा आकडा एकदम चाळिसावर आला. त्यांचं इंजेक्शन बंद केलं. कधी सुरू होईल, होईल की नाही, कोणी सांगत नाही. तरी त्या आपल्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येतात आणि बाहेरच्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन तासभर बसतात. मग उठून जातात. मी आत नळी लावून बसलेली असते आणि दाराच्या काचेतून मला त्यांची मान दिसते.

मला त्या बाकावर बसायचं नाही. गाठ परत आली तर मी मरेन, हे मला कळतं. धापेनं काय होतं? मला काही होत नाहीये. समजलं?

आत्या

५ एप्रिल

आत्या,

मी तुझ्या पाया पडते, डॉक्टरांना सांग. स्टुलाचं सांग, उशांचं सांग. उद्या सांग.

तू उलटं धरून बसली आहेस. त्या बाईंचं इंजेक्शन थांबवावं लागलं, कारण इजा उशिरा कळली. लवकर कळली तर बहुतेकदा हृदयाच्या गोळ्या सुरू करतात आणि इंजेक्शन चालू ठेवतात. लवकर सांगणं म्हणजे बाकावर जाणं नव्हे. उशिरा सांगणं म्हणजे बाकावर जाणं.

कागदावरच्या एका आकड्यावर विसंबू नकोस. मी याहून जास्त लिहू शकत नाही. धाप लागते एवढं तू तोंडाने बोललीस तर त्यांना सगळं बघावंच लागेल. तू बोलायला हवंस. तूच.

भिंगरी

१९ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा तुझी दया आली.

तुझे बाबा बसल्या जागी गेले तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. तेव्हापासून तुला जिथे तिथे हृदयच दिसतं. म्हणून तर ते काम धरलंस. माझ्या भावाचं दुःख मला नाही का? पण त्याचं गेलं म्हणून माझंही जातंय, असं नसतं गं.

डॉक्टरांच्या फॉर्मवर प्रश्न असतो, 'श्वास लागतो का?' मी 'नाही' वर खूण केली. यापुढे या विषयावर लिहिलंस तर मी पत्रं बंद करीन.

दुकान अर्धा वेळच उघडते. काका भिंगं घासायला शिकतायत. काल एकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला, तो म्हणे आता जास्त छान दिसतंय.

आत्या

६ जून

भिंगरे,

दीड महिना झाला, तुझा कागद नाही. मी विषय बंद म्हटलं होतं, पत्र बंद नव्हे.

दोन तारखेला तिसरी तपासणी झाली. तुला आकडे आवडत नाहीत तरी लिहिते : अठ्ठावन्न. पन्नासच्या वर म्हणजे उत्तम, असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं आणि पाठीवर थाप मारली. आता तरी झोप लागेल का तुला?

इंजेक्शनं पाच झाली. बारा राहिली. मी दात-ओठ खाऊन पार पाडीन.

आत्या

१३ जून

आत्या,

हे बसून वाच. काकांना जवळ बसव.

तुझी फिल्म ज्या दूरच्या संस्थेत जाते, ती संस्था आमची. मोजायला आम्ही तिघं. शंभराच्या पुढचे नंबर माझ्या वाट्याला येतात. तुझं मार्चचं पत्र मिळालं त्याच्या दोनच दिवस आधी मी एकशे सत्तेचाळीसची फिल्म मोजली होती. कोण आहे ते माहीत नव्हतं. पत्र वाचलं आणि माहीत झालं.

तुझ्या कागदावर येतो तो आकडा म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तातलं किती दर ठोक्याला बाहेर पडतं, तो. अठ्ठावन्न चांगलाच आहे, तुझे डॉक्टर खोटं बोलले नाहीत. पण आणखी एक आकडा असतो : प्रत्येक ठोक्याला हृदयाचा स्नायू किती आखडतो त्याचा. दुखावलेला स्नायूही बरेच दिवस काम ओढून नेतो, म्हणून पहिला आकडा उशिरा पडतो. दुसरा आधी पडतो. तुझा डिसेंबरात वीस होता. मार्चला अठरा. दोन जूनला साडेसोळा. विसाचा सतराच्या खाली आला की आम्ही त्याला इजा म्हणतो.

तुझ्या गटात हा दुसरा आकडा मोजतात, पण रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही नाही. तो सांगितल्यानं माणसं सावरतात की उगाच गोळ्या खातात, हेच तर अभ्यासाला शोधायचंय. त्यासाठी निम्म्यांना सांगायचं नाही. उत्तर मिळालं तर पुढच्या हजारो बायकांना उपयोग होईल, हे मला पटतं. मी त्यावर सही केली आहे.

मार्चला मी स्वतःला म्हटलं, अठरा म्हणजे रेषेच्या वर आहे. मग तू स्टुलाचं लिहिलंस. तेव्हा वाटलं, आत्या स्वतः बोलली तर माझी सही पण राहील आणि ती पण वाचेल. म्हणून तुझ्या मागे लागले. मला सुटायचं होतं आत्या, तुझ्या तोंडून. तू बोलली नाहीस आणि मी गप्प बसले. कामाला जायचे, कार्ड लावायचे, दार उघडायचं, दार मागे लागायचं. जूनची फिल्म आली तेव्हा ती दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. मी नाही दिली. मीच उघडली. पाच वेळा मोजली. पाचही वेळा तेच.

आठ तारखेला आमच्या संस्थेच्या प्रमुखबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं.

'नंबर कळला कधी?' त्यांनी विचारलं.

'आठ मार्चला.'

'तेव्हाच का नाही आलीस?'

त्याच पुढे म्हणाल्या, 'तेव्हा आली असतीस तर मी तुला लगेच या कामावरून काढलं असतं. ही फिल्म दुसऱ्या कोणीतरी मोजली असती. आकडा हाच आला असता, आणि तो तुझ्या आत्यापर्यंत कधीच पोचला नसता.' मग म्हणाल्या, 'आता मात्र मला माहीत झालंय. मी न ऐकल्यासारखं करू शकत नाही.'

तुला अभ्यासातून काढलंय. दोन्ही आकडे तुझ्या डॉक्टरांकडे गेलेत. ते बोलावतील. जा. आणि या वेळी फॉर्मवर खरी खूण कर.

तीन महिने मी तुझ्यापासून हे लपवलं. माफी मागायला तोंड नाही.

भिंगरी

१८ जून

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी बोलावलं होतं, जाऊन आले.

मी पण सही केली होती. आठ पानांवर. चष्मेवाली असून चष्मा न लावता केली, वाचलं असतं तर कळलं असतं की मोजतील पण सांगणार नाहीत. तो माझा गाढवपणा. डॉक्टरांना खोटं सांगितलं, तोही माझाच. पण अभ्यास मला ओळखत नव्हता. तू ओळखत होतीस. माझ्या छातीत डोकावून गेलीस, मोजून गेलीस, आणि मला विचारतेस जिना कुठल्या पायरीपासून वाढला?

काका म्हणतात, पोरीनं नोकरी पणाला लावली. ती तीन महिन्यांनी लावली, मी म्हटलं.

पत्र लिहू नकोस.

३० जुलै

आत्या,

नको म्हटलंस तरी लिहिते. उत्तर देऊ नकोस.

नोकरी गेली नाही. मला मोजण्याच्या खोलीतून उचलून भांडारात बसवलंय. संमतीपत्रांचे गठ्ठे, जेलीच्या बाटल्या, कागदाची रिळं. इथे खिडकी आहे, पण ती समोरच्या भिंतीवर उघडते.

तुझ्याबद्दल काही विचारत नाही. दुसऱ्याच गोष्टीनं माझा जीव कासावीस होतोय. एकशे चार आणि एकशे तीस. त्यांचे आकडेही उतरत होते, तुझ्याहून जास्त. त्या कोण, कुठल्या, मला माहीत नाही. कुठल्या गटातल्या तेही नाही. कदाचित त्यांना दोन आकडे मिळत असतील आणि त्या केव्हाच गोळ्या घेत असतील. कदाचित नसतील. त्यांचे आकडे त्यांच्या डॉक्टरांना कळवा, असं प्रमुखबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, 'सगळ्यांवर लक्ष ठेवायला वेगळी समिती आहे, ती सहा महिन्यांनी बसते. अभ्यासाला अजून दोन वर्षं आहेत. तू जे मागतेस ते दिलं तर मोजलेलं सगळं फुकट जाईल, आणि पुढच्या बायका पुन्हा अंधारातच राहतील.' त्यांचं म्हणणं चूक नाही. म्हणूनच बाहेर पडायची वाट सापडत नाही. समोर कोणी दुष्ट असतं तर भांडले तरी असते.

तुला भाची होती. त्यांना कोण आहे?

भिंगरी

११ सप्टेंबर

भिंगरे,

राग गेलेला नाही. कमी झालाय का, तेही सांगता येत नाही. पण शेवटच्या पत्रातला तुझा प्रश्न मला गिळता आला नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं. दोन गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. इंजेक्शन एकदाही चुकलं नाही, एका दिवसानंही नाही. तू एप्रिलात लिहिलं होतंस तसंच झालं. परवाच्या तपासणीत साठ, आणि दुसरा आकडा अठरा. वीस होईल का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, 'होईलही, नाहीही. गोळ्या मात्र बहुधा कायमच्या.' कायमच्या म्हटल्यावर मी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली. त्यांना वाटलं मी समजूतदार आहे.

शिक्षिकाबाईंचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालंच नाही. ऑगस्टात त्या बाकावर यायच्या थांबल्या. कोणी काही सांगत नाही, आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर मी एक काम सुरू केलं. माझी वेळ अकराची असते, मी नऊलाच जाऊन बसते. शेजारी जी असेल तिच्याशी बोलते. नंबर विचारत नाही, आकडा विचारत नाही. चष्म्यावरून सुरू करते, काडी सैल असेल तर घट्ट करून देते. मग विचारते, 'जिना कसा चढता? उशा किती घेता?' बायका आधी 'छान, छान' म्हणतात. मी माझं सांगते. धाप कशी लपवली, फॉर्मवर कशी खोटी खूण केली, आणि बोलल्यावर इंजेक्शन कसं बंद झालं नाही. मग एखादी हळूच म्हणते, 'मी तर स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन उभी राहते.' म्हणजे खुर्चीला धरून. बसत नाही, घरच्यांना कळेल म्हणून.

सिस्टर येऊन म्हणाली, 'अहो, अभ्यासात ढवळाढवळ करू नका.'

मी म्हटलं, 'मी कुठे अभ्यासात आहे? तुम्हीच काढलंत मला. मी दोन बायकांशी गप्पा मारतेय.'

ती फाइल उचलून निघाली. मग जाता जाता म्हणाली, 'त्या खिडकीजवळच्या आजींशी पण बोला जरा.'

आतापर्यंत पाच जणींशी बोलले. तिघींनी डॉक्टरांना सांगितलं. खुर्चीवालीबरोबर मी दारापर्यंत गेले, कारण तिचे पाय मागे वळत होते. तिघींपैकी दोघींना गोळ्या सुरू झाल्या, एकीला काही निघालं नाही. चौथी हो हो म्हणाली आणि सांगितलं नाही. पाचवीनं खुर्ची बदलली, मला बघितलं की पेपर उघडते. तिचा मला राग येत नाही. मार्चमधली मीच ती.

तुझी एकशे चार यांच्यात आहे का, मला माहीत नाही. तुलाही कधी कळणार नाही. ती दुसऱ्याच गावी असेल, जिथे नऊ वाजता येऊन बसणारं कोणी नसेल. हे ओझं तुझ्या डोक्यावरून मी काढू शकत नाही, आणि खरं सांगू, काढलं जावं असंही मला वाटत नाही. माझ्या गोळ्या कायमच्या, तुझं हे कायमचं.

पुढची तपासणी दोन डिसेंबरला, सकाळी दहाला. खोलीत सोबतीला एका माणसाला बसू देतात. काका येतो म्हणाले, मी नको म्हटलं. रजा टाक. माझ्या उशाशी बसायचं, पडदा दोघींनाही दिसेल असा फिरवून घ्यायचा, आणि जे दिसेल ते तिथल्या तिथे मला सांगायचं. वाईट असलं तर आधी.

आत्या